मांडवीवरची दहा मिनिटं : एका कुटुंबाच्या हेलिकॉप्टर फेरीचा हिशेब

पार्श्वभूमी

मी पर्वरीला राहते. घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. येणारे बहुतेक मराठीच असतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, एखादं कुटुंब थेट सोलापूरहून. पूर्वी पाहुणे स्कूटर कुठे मिळेल आणि मासे कुठे चांगले मिळतात एवढंच विचारायचे. आता दर तीन-चार फोनांमागे एकात "ताई, ते हेलिकॉप्टरचं काय?" हा प्रश्न असतोच. त्यातल्या एका कुटुंबाची ही हकीकत त्यांना विचारून लिहिते आहे. नावं गाळली आहेत. रकमा माझ्या वहीतल्या आहेत आणि त्या वेळच्या आहेत.

कुटुंब कोल्हापूरचं, माणसं सहा. आजोबा एकाहत्तर वर्षांचे, एसटीचे निवृत्त चालक. आजी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. मुलगा शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. पाच दिवसांच्या सहलीचं त्याचं बजेट ₹७०,००० होतं आणि त्यातले ₹२०,००० त्याने हेलिकॉप्टरसाठी वेगळे काढले होते.

सहलीत हेलिकॉप्टर कशाला हवं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. कारण आजोबांनी स्वतः फोनवर सांगितलं. ते कोल्हापूर-पणजी गाडीवर बरीच वर्षं होते. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा त्यांची ड्यूटी याच मार्गावर होती. "पूल पडला तवा आमची गाडी बेतीपातूर यायची. पॅसिंजर उतरून फेरीनं पल्याड. पाऊस असा, की पलीकडची पणजी दिसायची न्हाई. त्या नदीवर आता तीन पूल झाल्यात म्हणं. ते एकदा वरनं बघायचंय." तिसरा पूल म्हणजे अटल सेतू, जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला. आजोबा त्याच्याआधीच निवृत्त झाले होते. त्या पुलावरून त्यांनी गाडी कधी नेलीच नाही.

या प्रकरणात पुढे जे निर्णय झाले, ते सगळे आजोबांच्या 'ते एकदा वरनं बघायचंय' या एका वाक्यापाशी येऊन ठरले. ते वाक्य मला पहिल्याच फोनवर कळलं, हे आमचं नशीब.

अडचण

मुलाला वाटत होतं, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. त्याची भावना मला पटत होती, पण हिशेब बसत नव्हता. आम्ही ज्या कंपनीकडे चौकशी केली तिचा दहा मिनिटांच्या फेरीचा दर माणशी ₹५,५०० आणि वर ५ टक्के कर असा होता. दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट, म्हणजे तीन वर्षांचा नातूही पुऱ्या जागेचा धनी. सहा जणांचे ₹३४,६५० झाले.

तेवढ्यावर थांबलं नाही. मुलाचं वजन १०४ किलो. कंपनीच्या अटीत १०० किलोच्या वर दीडपट भाडं होतं. एकूण रक्कम साडेसदतीस हजारांवर गेली. सहलीच्या निम्म्याहून जास्त पैसे दहा मिनिटांत उडणार होते.

वजनाची अट ऐकून लोक रागावतात, म्हणून इथे थोडं थांबते. हेलिकॉप्टरला वजनाचं गणित बसप्रमाणे सैल ठेवता येत नाही. इंधन, पायलट आणि प्रवासी मिळून एक मर्यादा असते. शिवाय ते वजन पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कसं वाटलं आहे यावर यंत्राचा तोल असतो. केदारनाथच्या हेलिकॉप्टर सेवेतही ८० किलोच्या वर किलोमागे जादा पैसे घेतात. म्हणून सौदा करण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं वजन कागदावर हवं. ते खरं हवं, कारण हेलिपॅडवर काटा असतोच.

दुसरी अडचण त्याने मला सांगायच्या आधीच होऊन गेली होती. नवरात्रात त्याच्या व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात आली होती. 'गोवा हेलिकॉप्टर, माणशी फक्त ₹२,४९९, मर्यादित जागा.' खाली मोबाइल नंबर, सुंदर फोटो आणि जागा अडवायला ₹१,५०० आगाऊ. त्याने यूपीआयने भरले. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेले. पावती म्हणून एक चित्र आलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

मला फोन केला तेव्हा तो हे सांगायला लाजत होता. मी त्याला म्हटलं, दादा, लाजायचं त्या माणसाने. १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. आज हे लिहीपर्यंत ते पैसे परत आलेले नाहीत. केदारनाथसाठी आयआरसीटीसीचं हेलियात्रा हे अधिकृत संकेतस्थळ आहे, तरीही खोट्या साइट्सवर लोक फसतात. गोव्यातल्या फेऱ्यांना तर तसं एकच दार नाही. त्यामुळे इथे खात्री आपणच करायची.

खात्री कशी केली

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्त दराच्या मागे धावताना पहिला बळी याचाच जातो.

भारतात पैसे घेऊन प्रवाशांना हेलिकॉप्टरमधून फिरवायचं तर कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना लागतो. अशा परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. आम्ही कंपनीला सरळ विचारलं, तुमचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि यंत्राचा नोंदणी क्रमांक काय? भारतीय नोंदणीच्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर 'व्हीटी' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तिकीट विकणारा आणि उडवणारा एकच असेल असं नाही. विकणारा निव्वळ दलाल असू शकतो, आणि त्यात काही गैर नाही. पण उडवणारा कोण हे त्याला सांगता आलंच पाहिजे.

मग जीएसटी क्रमांक मागितला आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. तिथे कायदेशीर नाव दिसतं. ते नाव, परवान्यावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव तिन्ही जुळली, तेव्हाच पुढे बोललो. या सगळ्याला मोजून पंचवीस मिनिटं लागली. दादाने त्या ₹१,५०० आधी ही पंचवीस मिनिटं दिली असती तर, हे तो स्वतःच दोनदा म्हणाला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एका मोठ्या रिसॉर्टच्या टूर डेस्कवरचा. माणशी ₹७,८००, कर धरून. त्यात हॉटेलवरून ने-आण, दुपारचं जेवण आणि फेरी. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण उडवणारी कंपनी तीच होती, फेरीही तीच दहा मिनिटांची. थेट घेतलं तर करासह ₹५,७७५. फरक माणशी ₹२,०२५, सहा जणांचा ₹१२,१५०. कुटुंब स्वतःच्या गाडीने येणार होतं, त्यामुळे ने-आण नको होती. राहिलं जेवण. सहा माणसांच्या एका जेवणाला बारा हजार रुपये द्यायचे का, असा प्रश्न मी सूनबाईंना विचारला. त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी यादीतून तो पर्यायच खोडला. वर त्या डेस्कवर 'पुढची जागा हमखास' म्हणून माणशी हजार रुपये वेगळे मागत होते. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरा पर्याय अख्खं हेलिकॉप्टर घ्यायचं. पाच प्रवासी, अर्धा तास, दूधसागर दाखवून परत. दर ₹७२,००० अधिक १८ टक्के कर, म्हणजे ₹८४,९६०. इथे कराचा फरक लक्षात घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जागेगणिक तिकीट काढून होणाऱ्या हेलिकॉप्टर प्रवासाचा कर ५ टक्क्यांवर आणला, पूर्ण यंत्र भाड्याने घेतलं तर मात्र १८ टक्केच ठेवला. दर विचारताना 'कर धरून किती' आणि 'कर कुठल्या दराने' हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारावेत.

या पर्यायावर दादा बराच वेळ अडून होता. दूधसागर म्हटलं की कुणाचंही मन हलतं. ३१० मीटरांचा धबधबा, आणि नोव्हेंबरात त्याला पाणीही असतं. मी नकाशा काढला. मांडवीकाठच्या जुन्या गोव्याच्या परिसरातून दूधसागर सरळ रेषेत साधारण ४८ किलोमीटर. हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटरने गेलं तरी जायला चौदा-पंधरा मिनिटं आणि यायला तेवढीच. अर्ध्या तासात धबधब्यावर घिरटी घालायला एखादं मिनिट उरतं. पंच्याऐंशी हजारांचं ते एक मिनिट. दूधसागर बघायचाच असेल तर कुळेंहून जीप आहे, नाहीतर कॅसलरॉक-कुळें घाटातून जाणारी रेल्वे आहे. ती गाडी धबधब्याच्या अगदी तोंडासमोरून जाते. आणि मुख्य म्हणजे आजोबांना दूधसागर नको होता. त्यांना पूल हवे होते.

तिसरा पर्याय त्याच कंपनीची वीस मिनिटांची फेरी, माणशी ₹९,८००. मिनिटाचा भाव काढला तर दहा मिनिटांची फेरी ₹५५० मिनिट आणि ही ₹४९०. मिनिटाला स्वस्त, खिशाला महाग. शिवाय जादा दहा मिनिटं समुद्रकिनाऱ्यावर जात होती, जो ते गाडीतून रोज बघणारच होते.

चौथा, जागेगणिक दहा मिनिटांची फेरी. यात दोन मार्ग होते, किनाऱ्याचा आणि नदीचा. किनाऱ्याचा माणशी पाचशे रुपयांनी स्वस्त. दादाचा हात तिकडे गेला होता, सवयीने. पण त्या मार्गावर मांडवीचे पूल येत नव्हते. पाचशे रुपये वाचवून ज्यासाठी आलो तेच हुकलं असतं.

पाचवा पर्याय मी नेहमी ठेवते. हेलिकॉप्टर नकोच. गोव्यात उंचावरून बघायला किल्ले आहेत, टेकड्या आहेत. आग्वादवरून सिकेरी-कांदोळीचा किनारा दिसतो. रेइश मागूशवरून मांडवीचं मुख आणि समोर पणजी. जुन्या गोव्यात अवर लेडी ऑफ द माउंटचं चॅपेल ज्या टेकडीवर आहे तिथून से कॅथेड्रल, मांडवी आणि पलीकडचं दिवाडी बेट एका नजरेत येतं, तेही विनातिकीट. आजोबांच्या बाबतीत हा पर्याय मी जोर देऊन मांडला नाही. चाळीस वर्षं मनात असलेल्या गोष्टीला पर्याय सुचवायचा नसतो, असं मला वाटलं. पण बाकीच्यांसाठी तो फार कामाला आला.

निर्णय

पहिला निर्णय तारखेचा. दादाच्या डोक्यात नाताळचा आठवडा होता. त्या आठवड्यात त्याच कंपनीचा त्याच फेरीचा दर ₹७,५०० होता. माझ्याच खोलीचं भाडंही तेव्हा दीडपट असतं, हे मी त्याला सांगितलं. त्याने नोव्हेंबरचा दुसरा आठवडा घेतला, सोमवार ते शुक्रवार. शाळेतून नातीची पाच दिवसांची रजा काढावी लागली. सूनबाईंना ते फारसं पटलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा निर्णय कोण बसणार याचा. इथेच खरे पैसे वाचले आणि इथेच माझ्याकडून चूकही झाली.

एका रविवारी सगळे कोल्हापूरच्या घरात, फोन स्पीकरवर, मी इकडे वही घेऊन. मी म्हटलं, "सगळ्यांनी बसायचं म्हणून बसू नका. ज्याला खरंच जायचंय त्यानेच हात वर करा." आजोबा आणि नात. दादा म्हणाला, दीडपट भाडं भरून मी नको. सूनबाईंना कारमध्येसुद्धा मळमळतं. नातवाला तीन वर्षांच्या वयात कानावर हेडफोन लावून घरघराटात बसवायला त्याच तयार नव्हत्या. मग आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कुठलं जमतंय? पोराकडं कोण बघंल?" मी वहीत लिहिलं, 'आजी : नाही.'

दोन जागा. ₹११,५५०.

तिसरा निर्णय, फेरी कुठल्या दिवशी ठेवायची. मी दुसरा दिवस सुचवला. पाहुणे बहुधा शेवटचा दिवस मागतात, शेवट गोड व्हावा म्हणून. पण हेलिकॉप्टर हवेवर अवलंबून. ढग खाली आले, दृश्यमानता घटली, वारा वाढला की पायलट नाही म्हणतो, आणि त्याने नाही म्हणावं हीच आपल्याला हवी असलेली गोष्ट आहे. शिवाय दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, त्यामुळे इथल्या आकाशात केव्हा आणि किती उंचीवर उडायचं हे केवळ कंपनीच्या हातात नसतं. दुसऱ्या दिवशी रद्द झालं तर तीन दिवस हातात राहतात.

रद्द झालं तर काय, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घेतलं. हवामानामुळे रद्द झालं तर मोफत दुसरी वेळ किंवा पूर्ण परतावा. आपण रद्द केलं तर अठ्ठेचाळीस तास आधीपर्यंत निम्मे. आणखी दोन गोष्टी विचारल्या. दहा मिनिटं कुठून मोजता, दार लागल्यापासून की जमीन सोडल्यापासून? उत्तर आलं, जमीन सोडल्यापासून. किमान किती प्रवासी लागतात? तीन. तिघे जमले नाहीत तर फेरी पुढे ढकलतात. हा दुसरा प्रश्न पुढे आम्हाला चटका लावून गेला.

जागांबद्दल. यंत्र कुठलं आहे ते आधीच विचारावं. रॉबिन्सन आर-४४ मध्ये पायलट सोडून तीन प्रवासी बसतात, म्हणजे कुणीही खिडकीपासून लांब नाही. मोठ्या यंत्रांत मागच्या बाकावर मधल्या माणसाला खिडकी मिळत नाही, त्याला दोन्हीकडून दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघावं लागतं. आणि कोण कुठे बसणार हे शेवटी वजनाच्या हिशेबाने पायलट ठरवतो. म्हणून पुढच्या जागेचे हजार रुपये आम्ही दिले नाहीत. जे विकणाऱ्याच्या हातात नाही ते विकत घेऊ नये.

पैसे क्रेडिट कार्डाने, कंपनीच्या संकेतस्थळावर भरले. वाद झालाच तर बँकेकडे दाद मागता येते.

प्रत्यक्षात काय झालं

मंगळवारी सकाळी सगळे हेलिपॅडवर पोचले आणि अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे ढग इतके खाली आले होते की पलीकडची टेकडी दिसत नव्हती. पाऊण तास थांबवून फेरी रद्द केली. आजोबा काही बोलले नाहीत. एसटीच्या माणसाला घाटातलं धुकं कळतं. पण नातीचे डोळे भरून आले.

त्याच वेळेचं तिकीट असलेलं एक पुण्याचं जोडपं तिथे होतं. त्यांचा तो शेवटचा दिवस, संध्याकाळी परतीची गाडी. तिकीट मधल्या दलालाकडून घेतलेलं, त्यामुळे परतावा त्याच्यामार्फत, आठ-दहा दिवसांनी आणि त्याचं कमिशन कापून. आमच्या माणसांना तिथल्या तिथे गुरुवारी दुपारी साडेतीनची वेळ मिळाली.

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं होतं. मी मुद्दाम बरोबर गेले. काट्यावर चढायच्या आधी आजोबांनी खिशातून चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची डबी असं सगळं एकेक करून बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं, जणू डेपोत ड्यूटी संपवून हिशेब देतायत. अठ्ठ्याहत्तर किलो. नात सत्तावीस. वजनाच्या हिशेबात आजोबांना पायलटशेजारची जागा मिळाली, एक पैसा जास्त न देता. नातीला मागे खिडकी.

नातीने घड्याळ लावलं होतं. जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंत नऊ मिनिटं चाळीस सेकंद. दिवाडी, चोडणची खारफुटी, मग खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं. नात म्हणाली, वरून खाजनं आरशाच्या तुकड्यांसारखी दिसतात, आणि बांधात मध्येच छोटी छोटी फाटकं आहेत. त्या मानशी. भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला सोडायचं, अशी ही लाकडी दारं. गोव्याची ही शेती अशा बांधांवर आणि दारांवर शेकडो वर्षं उभी आहे. मी पर्वरीत राहून त्यांच्या बाजूने रोज जाते, पण वरून त्यांची रांग कशी दिसते हे मला त्या पोरीने सांगितलं.

मग पूल. तीन, शेजारी शेजारी. पायलटने रेइश मागूशपर्यंत नेऊन वळवलं, त्यामुळे ते जाताना आणि येताना दोनदा दिसले. खाली उतरल्यावर आजोबा बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, "बेतीचा धक्का एवढासा दिसतुया वरनं. तवा त्यो संपता संपत नव्हता." आणि दोन बोटांत अंतर दाखवलं, चुन्याची डबी मावेल एवढं.

बाकीचे चौघे त्या वेळी माउंटच्या टेकडीवर होते. मी मुद्दाम तिथे पाठवलं होतं. चॅपेलच्या पायऱ्यांवरून त्यांना हेलिकॉप्टर नदीवरून जाताना दिसलं. नातवाने हात हलवून हलवून खांदे दुखवून घेतले. नंतर सगळे मिळून जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. पायी जाणाऱ्याला तिथे तिकीट नाही.

हिशेब असा झाला. फेरीचे ₹११,५५०, बुडालेले ₹१,५००, एकूण ₹१३,०५०. बुडालेले मी मुद्दाम धरले आहेत. खर्च तोही याच फेरीचा. ठरवलेल्या वीस हजारांतले ₹६,९५० शिल्लक राहिले.

काय वेगळं करता आलं असतं

त्या फेरीबोटीवर आजी कठड्याला टेकून उभ्या होत्या. मी शेजारी गेले. पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "वर गेलं की पोटात गोळा येतो का गं? नात सांगत हुती, येत न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीत मी कधी पुढं बसले न्हाई. ड्यूटीवर कसं बसणार?"

मला तिथे उभ्या उभ्या कळलं काय झालं ते. एक जागा ₹५,७७५. शिल्लक ₹६,९५०. जागा परवडत होती, उडायची इच्छा होती, वजनाची अडचण नव्हती. तासभर नातवाला सांभाळायला सूनबाई आणि दादा दोघेही खालीच होते. आजींनी दिलेलं कारण खरं कारण नव्हतंच. घरातल्या सहा जणांसमोर, फोन स्पीकरवर असताना, पाच-सहा हजारांची गोष्ट स्वतःसाठी मागणारी आजी मी तरी पाहिलेली नाही. आणि मी 'ज्याला खरंच जायचंय त्यानेच' असं म्हणून त्यांची वाट आणखी बंद केली होती. तो प्रश्न पैसे वाचवायला चांगला आहे. पण तो प्रत्येकाला एकट्याला विचारायचा असतो, आणि जो पहिल्यांदा नाही म्हणतो त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता मी तसंच करते. घरातल्या बाईला आधी फोन करते, पुरुषांच्या यादीनंतर नाही.

त्याच संध्याकाळी मी कंपनीला फोन लावला. शुक्रवारी सकाळच्या फेरीला तिघे जमले नव्हते. एकटीसाठी उडवायचं तर किमान तीन जागांचे पैसे, ₹१७,३२५. दादा भरायला तयार झाला. आजींनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि या वेळचं नाही खरं होतं. गुरुवारच्या फेरीत एक जागा रिकामी गेली होती हे मला नंतर कळलं. ते मी आजींना सांगितलेलं नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. रक्तदाब आणि कानाच्या त्रासाबद्दल आजोबांच्या डॉक्टरांना विचारायला मी निघायच्या दोन दिवस आधी सांगितलं. ते जागा अडवण्याआधी व्हायला हवं होतं. आणि मंगळवारी सकाळी घरातून निघण्यापूर्वी कंपनीला हवेबद्दल एक फोन केला असता तर नातीचं ते रडणं टळलं असतं.

पुढे

या वर्षी गणपती झाल्यावर कोल्हापूरहून फोन आला. नंबर दादाचा, आवाज आजींचा. पोरं-बाळं बरी आहेत, ह्यांचे गुडघे दुखतात, असं सगळं आधी येईल म्हणून मी ऐकायला बसले. पण त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"पोरी, लिहून घे. अठ्ठावन्न किलो. काल दवाखान्यात काट्यावर चढून आले."

मी वही काढली.

"आणि नदीचा रस्ता बरं का. किनाऱ्याचा न्हाई."

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार सकाळ. आजोबांचीही जागा धरली आहे, मागची. पुढे कोण बसणार हे पायलट ठरवणार आहे, पण मी कंपनीला ईमेलमध्ये एक ओळ विनंती म्हणून लिहिली आहे.